फोनची पाठ काचेची कशासाठी?

सॅमसंगचा गॅलक्सी एस५ २०१४ साली आला तेव्हा त्याची पाठ प्लॅस्टिकची होती. नखाने उचकटली की निघायची. आतली बॅटरी बदलता यायची, मेमरी कार्ड घालता यायचं, आणि एवढं असूनही फोनला आयपी६७ दर्जा होता. मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी बिघडू नये असा. पुढच्या वर्षी एस६ आला. पुढून काच, मागून काच, कडेला ॲल्युमिनियम. बॅटरी २८०० मिलिअँपिअर-तासांवरून २५५० वर आली, ती बदलण्याची सोय गेली, कार्डाचा खण गेला आणि पाण्यापासूनचं संरक्षणही गेलं. तरी एकंदर सूर असा होता की आता कुठे हा फोन महागड्या फोनसारखा वाटतो. चार सोयी देऊन एक स्पर्श घेतला, आणि बाजाराने तो सौदा आनंदाने मान्य केला.

त्या सौद्याचे हप्ते आपण अजून फेडतो आहोत. स्पर्शाला किंमत नाही असं मुळीच म्हणायचं नाही. दिवसभर हातात असणारी वस्तू हाताला बरी वाटलीच पाहिजे. आक्षेप वेगळा आहे. फोन ‘प्रीमियम’ वाटतो तो मुख्यतः घडणीमुळे, आणि त्या वाटण्याचं श्रेय मात्र सामग्रीला दिलं जातं. काच, स्टील, टायटॅनियम ही नावं खोक्यावर छापता येतात. दोन भागांमधली फट किती एकसारखी आहे, हे छापता येत नाही.

हाताला नेमकं काय कळतं, तिथून सुरुवात करू. पहिली गोष्ट म्हणजे गारवा. तळहात फोनपेक्षा गरम असतो, आणि वस्तू त्याची उष्णता किती झपाट्याने ओढून घेते त्यावर ती गार लागते की नाही हे ठरतं. उष्णतावहन, घनता आणि उष्णता साठवण्याची क्षमता या तिन्हींचा हिशेब एकत्र केला तर ॲल्युमिनियम हे पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे फोनच्या पाठीला वापरतात त्या प्लॅस्टिकच्या, जवळजवळ ३५ ते ४० पट जोमाने उष्णता ओढतं, स्टेनलेस स्टील साधारण १५ पट, टायटॅनियमचा मिश्रधातू सात-आठ पट आणि काच जेमतेम अडीच-तीन पट. म्हणजे गारव्यालाच धातूपणा मानायचं तर सर्वांत ‘धातूसारखं’ लागतं ते स्वस्त ॲल्युमिनियम. महाग टायटॅनियम त्याच्यापुढे कोमटच. शिवाय हा गारवा फार टिकत नाही. फोन हाताच्या तापमानाला आला की संपला, आणि कव्हर घातलं असेल तर तो सुरूच होत नाही.

दुसरी गोष्ट वजन. इथे एक गफलत सर्रास होते. फोन ‘भरीव’ वाटतो तो एकूण ग्रॅमवरून नाही, आकाराच्या मानाने किती जड आहे त्यावरून. एकाच वजनाच्या दोन वस्तूंपैकी लहान वस्तू हाताला जड वाटते, हे फ्रेंच वैद्य ऑगस्टीन शार्पेंटिए यांनी १८९१ मध्येच नोंदवून ठेवलं आहे. एस५ चं वजन होतं १४५ ग्रॅम आणि एस६ चं १३८. काचेचा फोन सात ग्रॅमने हलका होता! पण लांबी, रुंदी, जाडीचा गुणाकार करून वजनाला भागलं तर एस५ येतो दर घन सेंटिमीटरला साधारण १.७ ग्रॅम आणि एस६ येतो २ ग्रॅम. हाताने वाढलेली घनता मोजली आणि मेंदूने तिला दर्जा म्हटलं.

हा भागाकार कुठल्याही फोनवर करून पाहावा, फार काही सांगून जातो. स्टीलच्या कडांचा आयफोन १४ प्रो मॅक्स २४० ग्रॅमचा; घनता सुमारे २.४५. टायटॅनियमचा १५ प्रो मॅक्स २२१ ग्रॅमचा, सुमारे २.२. आणि २०२५ मधला आयफोन एअर फक्त १६५ ग्रॅमचा असूनही २.५ च्या घरात जातो, कारण त्याची जाडीच ५.६ मिलिमीटर आहे. त्याच वर्षीचा गॅलक्सी एस२५ एज १६३ ग्रॅमचा, तोही २.३५ पर्यंत पोचतो. सडपातळ फोन हलका असूनही पोकळ का वाटत नाही, याचं उत्तर या भागाकारात आहे. जड असणं आणि भरीव असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. घेणारा मात्र दोन्ही एकच समजून पैसे मोजतो.

आता टायटॅनियमचं कौतुक घ्या. स्टीलची घनता ८, टायटॅनियमच्या मिश्रधातूची साडेचारच्या आसपास, ॲल्युमिनियमची २.७. साधारण मोठ्या फोनचा परीघ ४४ सेंटिमीटर धरला आणि कडेचा पट्टा सात मिलिमीटर उंच व दोन मिलिमीटर जाड मानला, तर सुमारे ६.२ घन सेंटिमीटर धातू लागतो. स्टीलचा असेल तर सुमारे ५० ग्रॅम, टायटॅनियमचा २८, ॲल्युमिनियमचा १७. स्टीलवरून टायटॅनियमवर आलात तर वजन उतरतं, आणि आयफोन १५ प्रोमध्ये ते उतरलंही: २०६ वरून १८७ ग्रॅम. पण ॲल्युमिनियमवरून टायटॅनियमवर जाणाऱ्याला वजनात काहीच कमाई नाही. गॅलक्सी एस२३ अल्ट्रा ॲल्युमिनियमचा होता, एस२४ अल्ट्रा टायटॅनियमचा. वजनात फरक पडला जेमतेम एखाद्या ग्रॅमचा. त्यातही आयफोन १५ प्रोमधलं टायटॅनियम म्हणजे बाहेरचा पट्टा. आतला सांगाडा ॲल्युमिनियमचाच. २०२५ मध्ये ॲपलने आपले प्रो फोन पुन्हा ॲल्युमिनियमवर आणले, कारण प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला टायटॅनियम फार मंद आहे. ॲल्युमिनियमचं उष्णतावहन त्याच्या वीस-पंचवीस पट असतं. दोन वर्षं जे नाव मिरवलं ते इतक्या सहज बाजूला ठेवता आलं, यातच सगळं आलं.

हाताला कळणारी तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत मोलाची, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं: ताठपणा आणि सांधे. फोन मधोमध चिमटीत दाबला की पाठ आत जाते का? टिचकी मारली तर ठक् असा बंद आवाज येतो की ढब् असा पोकळ? पॉवरचं बटण डावी-उजवीकडे डुगडुगतं का? कडेवरून नख फिरवलं तर कुठे अडकतं का? कंपन येतं ते एकच नेमका टोला देऊन थांबतं की घरघरत राहतं? प्लॅस्टिकची बदनामी झाली ती या परीक्षेत नापास होणाऱ्या फोनांमुळे. अर्धा-पाऊण मिलिमीटरचा पातळ पत्रा, त्याच्यामागे हवेची पोकळी, चारी बाजूंनी नुसत्या खटक्यांवर बसवलेला, साच्याच्या दोन भागांची रेघ कडेवर तशीच राहिलेली, आणि वरून चकचकीत रंगाचा थर. असा फोन कुरकुरणारच. दोष कंजूषपणाचा होता, नाव पॉलिकार्बोनेटचं खराब झालं.

नोकियाचा एन९ (२०११) आणि त्याच साच्यातला ल्युमिया ८०० आठवून पाहा. एकसंध पॉलिकार्बोनेटचं कवच, मागे झाकणच नाही. रंग वरून मारलेला नसून आरपार, त्यामुळे ओरखडा उठला तरी खालून दुसरा रंग डोकावत नसे. साच्यातून काढल्यावर भोकं आणि खाचा यंत्राने कोरलेल्या, म्हणून कडा स्वच्छ. त्या फोनला स्वस्त म्हणणारे फार भेटायचे नाहीत. २०१३ चा आयफोन ५सी तर आणखी मासलेवाईक. आत स्टीलचा सांगाडा असलेला हा प्लॅस्टिकचा फोन १३२ ग्रॅमचा, आणि त्याच वर्षीचा ॲल्युमिनियमचा ५एस ११२ ग्रॅमचा! प्लॅस्टिकचा फोन धातूच्या फोनपेक्षा वीस ग्रॅमने जड आणि दाबल्यावर तसूभरही न हलणारा. तरी तो ‘स्वस्तातला’ ठरला, कारण दुकानात तो स्वस्त फोनच्या जागी ठेवला होता. प्लॅस्टिक फक्त खालच्या श्रेणीत वापरायचं आणि मग प्लॅस्टिक म्हणजे खालची श्रेणी असं ग्राहकाला वाटू द्यायचं, हे वर्तुळ कंपन्यांनीच आखलं आहे. ते मोडायचा प्रयत्न सॅमसंगने २०२१ मध्ये एस२१ ला प्लॅस्टिकची पाठ देऊन केला. टीका झाली, आणि पुढच्या वर्षी एस२२ ला पुन्हा काच बसली.

काचेच्या बाजूने तीन युक्तिवाद नेहमी होतात. पैकी वायरलेस चार्जिंगचा पहिला. धातूच्या पाठीतून चार्जिंग कॉइलचं चुंबकीय क्षेत्र जात नाही, धातूतच विजेचे भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह तयार होऊन पत्रा तापतो, म्हणून २०१७ पासून आयफोनची पाठ काचेची झाली. इथवर खरं. पण धातू नको यावरून काचच हवी हे सिद्ध होत नाही. नोकियाच्या ल्युमिया ९२० मध्ये २०१२ सालीच वायरलेस चार्जिंग होतं, पॉलिकार्बोनेटमधून. रेडिओ लहरींचंही तेच: ॲल्युमिनियमच्या फोनांवर त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या दिसतात त्या अँटेनासाठीच. जे काम करायला धातूत प्लॅस्टिकची खिडकी पाडावी लागते, ते काम अख्खी प्लॅस्टिकची पाठ तक्रार न करता करते.

दुसरा युक्तिवाद ओरखड्यांचा, आणि तो खरा आहे. किल्ल्या, नाणी यांनी प्लॅस्टिकवर रेघा उठतात, काचेवर नाही. फोनची काच वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात, चारशे अंशांच्या आसपास, बुडवून ठेवतात. पृष्ठभागातले सोडियमचे लहान आयन निघून पोटॅशियमचे मोठे आयन तिथे दाटीवाटीने बसतात, आणि त्या दाटीमुळे वरचा थर कायम आवळलेल्या अवस्थेत राहतो. भेग पडायला आधी ही आवळण मोडावी लागते. पण वाळूतला क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोह्स मापावर ७ आणि ही काच ६ च्या आसपास ओरखडते. खिशातला वाळूचा एक कण पुरतो. एखादा ओरखडा त्या आवळलेल्या थराच्या पार गेला की पुढच्या पडण्यात भेग तिथूनच धावते. प्लॅस्टिकवरचा ओरखडा हे नुसतं कुरूप दिसणं. काचेवरचा खोल ओरखडा ही फुटण्याची पूर्वतयारी. दोघांना एका तागडीत घालून चालणार नाही.

तिसरा युक्तिवाद ताठपणाचा, आणि तो जरा नीट तपासायला हवा, कारण प्लॅस्टिकचे कैवारी इथे हात झटकतात. काचेचा ताठपणा ७० गिगापास्कल, साध्या पॉलिकार्बोनेटचा २.३. सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे ०.६ मिलिमीटर काचेइतका ताठ पत्रा साध्या पॉलिकार्बोनेटचा करायचा तर तो जवळजवळ १.९ मिलिमीटर जाड करावा लागेल. हे परवडत नाही. पण ३० टक्के काचतंतू मिसळलेलं पॉलिकार्बोनेट घेतलं तर ताठपणा आठ-नऊ गिगापास्कलपर्यंत जातो आणि १.२ मिलिमीटर पुरतात. १५ बाय ७ सेंटिमीटरच्या पाठीचं वजन काचेत सुमारे १५ ग्रॅम भरतं, तर या काचतंतूवाल्या पत्र्यात १८. म्हणजे वजन वाचत नाही, उलट दोन-तीन ग्रॅम वाढतं. ताठपणा तोच, भरीवपणा तोच, मागे फोमची पट्टी लावून पोकळी भरली तर आवाजही जवळपास तोच. किंमत एकच: ०.६ मिलिमीटर जास्त जाडी. त्या बदल्यात पडल्यावर तडकून जाळी होणारी एक बाजू कायमची नाहीशी.

आणि हे ०.६ मिलिमीटर नको म्हणून आपण काय करतो? दीड-दोन मिलिमीटरचं, पंचवीस-तीस ग्रॅमचं रबरी कव्हर चढवतो. ते काच वाचवतं, पण चार्जिंगच्या कॉइलला त्या ०.६ मिलिमीटरपेक्षा जास्त लांब ढकलतं, उष्णता अडवून धरतं, आणि ज्या स्पर्शासाठी पैसे मोजले तो स्पर्श पूर्ण झाकतं. २४० ग्रॅमचा फोन कव्हरसकट २७० वर जातो. लग्नातल्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं न काढणाऱ्या घराला आपण हसतो, पण फोनचं तेच चालू आहे.

वजनाची खरी किंमत पडताना कळते. मीटरभर उंचीवरून १७० ग्रॅमचा फोन १.७ ज्यूल ऊर्जा घेऊन जमिनीवर येतो, २४० ग्रॅमचा २.४ ज्यूल. सुमारे चाळीस टक्के जास्त मार, आणि तो घेणारी काच तीच. बहुतेक वेळा आधी कोपरा आपटतो, कडेची चौकट क्षणभर वाकते आणि तो बाक काचेच्या काठाकडे जातो. तिथे आधीच बारीक चरा असेल तर खेळ संपला. फोन हातातून सुटतो त्यातही पाठीचा वाटा असतोच. मॅट केलेली काच दिसायला सुरेख, बोटांचे ठसे धरत नाही, पण कोरड्या हातात चकचकीत काचेपेक्षाही जास्त निसटते, कारण त्वचेला टेकायला जागाच कमी मिळते.

न पडताही वजन जाणवतं ते करंगळीला. एका हाताने फोन धरून वाचणारे बहुतेक लोक खालची कड करंगळीवर टेकवतात. त्यात कॅमेऱ्याचा उंचवटा सगळा वरच्या टोकाला; भिंगं, सेन्सर, स्थिरीकरणाचे चुंबक असं सगळं जडशीळ सामान तिथे. गुरुत्वमध्य वर गेला की फोन पुढे झुकायला बघतो आणि मनगट त्याला सतत मागे ओढत राहतं. दोनशे ग्रॅमचा समतोल फोन १९० ग्रॅमच्या वरून जड फोनपेक्षा सुखाचा असतो. पण तपशिलाच्या तक्त्यात नुसते ग्रॅम येतात. समतोल कुठेच येत नाही.

धातूचीही भलामण आंधळेपणाने नको. ॲल्युमिनियमवरचा रंग हा ॲनोडायझिंगचा असतो: धातूच्याच पृष्ठभागावर वाढवलेला ऑक्साइडचा काही मायक्रॉनचा थर. हा थर पृष्ठभागाला काटकोनात वाढतो. सपाट जागी तो सलग राहतो, पण धारदार कडेवर दोन्ही बाजूंचे थर एकमेकांपासून फाकतात आणि कडेच्या टोकाशी कमकुवत जागा राहते. २०१२ मध्ये काळ्या आयफोन ५ च्या कडा खरवडल्या गेल्या आणि २०२५ मध्ये आयफोन १७ प्रोच्या कॅमेरा उंचवट्याच्या कडेवर चरे दिसले, त्यामागे हेच. उपाय जुनाच आहे, कड थोडी गोल करायची. पण गोल कडेपेक्षा धारदार कड जाहिरातीच्या फोटोत जास्त चमकते. सिरॅमिकची पाठ कठीण खरी, पण ती ज्या झिर्कोनियाची असते त्याची घनता ६. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रासुद्धा तीस ग्रॅमच्या पुढे. कृत्रिम चामड्याची पाठ पकडीला छान, मात्र तिचे काठ कालांतराने सुटतात.

मग फोन घेताना काय पाहावं? दुकानात तो अर्धा मिनिट तोलून पाहण्यात अर्थ नाही, त्यात फक्त गारवा आणि घनता कळते. वाचताना धरतो तसा एका हातात पाच मिनिटं धरा आणि करंगळी काय म्हणते ते ऐका. मधोमध आणि बटणांच्या शेजारी अंगठ्याने दाबा. बोट आडवं ठेवून त्यावर फोन तोला. मध्यापासून टोकाकडे किती सरकवावं लागतं ते पाहा. आणि मागचं पॅनल बदलायला किती पडतात, हे विकत घेण्याआधी विचारा. अनेक फोनांत ते गोंदाने असं चिकटवलेलं असतं की आयफोन ८ पासून पुढच्या काही पिढ्यांत तुटलेली काच लेझरने गोंद जाळून काढावी लागे. २०२२ च्या साध्या आयफोन १४ मध्ये कुठे मागची काच स्वतंत्र निघू लागली. फुटणारा भाग आणि न निघणारा भाग एकच असावा, याला अभियांत्रिकी म्हणायला जीभ रेटत नाही.

एकेकट्या ग्राहकाच्या शहाणपणावर मात्र हे सोडता येणार नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनांवर ऊर्जा-लेबल सक्तीचं केलं. त्यावर बॅटरी किती तास चालते, किती चार्जिंग फेऱ्या टिकते याच्या जोडीला दोन अक्षरं येतात: पडणं सोसण्याची श्रेणी आणि दुरुस्तीयोग्यतेची श्रेणी, दोन्ही ए ते ई. पडण्याची चाचणी कव्हर न घालता होते, हे विशेष. म्हणजे काचेच्या पाठीवरचा वाद आता मताचा राहिलेला नाही. मोजलेली श्रेणी समोर आहे आणि तेच मॉडेल कुठेही विकलं गेलं तरी ती श्रेणी शोधून वाचता येते. ती प्रत्येक बाजारात किमतीशेजारी छापणं सक्तीचं हवं. परीक्षण लिहिणाऱ्यांनीही ‘प्रीमियम वाटतो’ हे शब्द वापरण्याआधी ती दोन अक्षरं आणि मागच्या पॅनलची किंमत द्यावी. ‘प्लॅस्टिकचा आहे’ ही तक्रार करायची असेल तर तो वाकतो का, कुरकुरतो का, हे सांगावं. फेअरफोन ५ (२०२३) घ्या. प्लॅस्टिकची पाठ, पाण्याचे फवारे सोसणारा आयपी५५ दर्जा, हाताने काढता येणारी बॅटरी, वजन २१२ ग्रॅम. या फोनला खुशाल जाडजूड म्हणा, पण ते वजन कशापायी आहे हे पाठ उघडून दाखवता येतं. दुप्पट किमतीच्या काचेच्या फोनकडून तेवढाच हिशेब मागायला काय हरकत आहे?